मिडवेचा सूर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात अमेरिका आणि जपान यांच्यात झालेल्या मिडवेच्या लढाईवरच्या लेखाखाली आपण लिहिलंत, 'विमान उभं खाली घालून बॉम्ब टाकणं हा निव्वळ आततायीपणा. उंचावरून टाकला तरी बॉम्ब पडतोच. त्या दिवशी अमेरिकनांचं नशीब जोरावर होतं, त्याला कौशल्य म्हणू नका. आणि डॉन्टलेस विमान ९० अंशांत येत नसे.' दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटचा मुद्दा आधी, कारण तिथे चूक माझी आहे. डॉन्टलेस हे अमेरिकन नौदलाचं सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान साधारण ७० अंशांत सूर मारायचं. लेखात दुरुस्ती केली आहे. जवळजवळ सरळ खाली येणारी विमानं वेगळी: जर्मन स्टुका, आणि आपल्या हवाई दलाच्या ७ व ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडवलेलं व्हेंजन्स.

बाकी मात्र मला पटत नाही. ४ जून १९४२ ला याच जपानी ताफ्यावर अमेरिकेच्या मोठ्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांनी उंचावरून बॉम्ब टाकले होते. एकही लागला नाही. हिशेब करून बघा. ६,००० मीटरवरून सुटलेला बॉम्ब पाण्यापर्यंत यायला ३५ सेकंद घेतो. तेवढ्यात ३० नॉटने पळणारं जहाज अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि सुकाणू फिरवलं असेल तर कुठे असेल ते सांगताच येत नाही. सूर मारणारा वैमानिक बॉम्ब सोडायचा ५०० मीटरच्या आसपास. मग उरतात चारेक सेकंद, आणि जहाज सरकतं जेमतेम साठ मीटर. जपानी विमानवाहू जहाज 'आकागी' २६० मीटर लांब होतं. जीव धोक्यात घालून इतकं खाली यायचं ते एवढ्यासाठी.

आणि हे नुसतं नाक खाली करून येणं नव्हे. डॉन्टलेसच्या पंखांच्या मागच्या कडेला उघडणाऱ्या झडपा असत, वेग आवरायला. त्या झडपांना टेनिसच्या चेंडूएवढी भोकं पाडलेली होती, नाहीतर मागे उठणाऱ्या भोवऱ्यांनी शेपटी थरथरायची. विमान जरा जरी कडेला घसरत असेल तरी बॉम्ब भलतीकडे जातो, म्हणून दुर्बिणीतून जहाज बघता बघता घसरण दाखवणारी छोटी गोळीही मध्यावर ठेवायची. वरच्या थंडीतून खालच्या दमट हवेत शिरताना तीच दुर्बीण धुरकटायची. बॉम्ब स्वतःच्याच पंख्यात जाऊ नये म्हणून पोटाखालचा एक दांडा त्याला झोका देऊन बाहेर काढायचा. मग काठी ओढून विमान वर घ्यायचं, तेव्हा डोक्यातलं रक्त उतरून डोळ्यांपुढे अंधारी यायची. मागचा तोफची शेपटीकडे तोंड करून बसलेला. सुरात तो पाठीवर पडल्यासारखा असे, समोर फक्त आकाश. कुठे चाललोय हे त्याला दिसतच नसे. त्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही.

नशीब होतं, हे मान्य. डॉन्टलेस विमानांचा नेता मॅकक्लस्की याला ताफा सापडला तो 'अराशी' या एकट्या जपानी विनाशिकेच्या मागावरून. जपानी लढाऊ विमानंही टॉर्पेडो विमानांमागे खाली उतरली होती. पण पुढे काय झालं? गोंधळात त्याच्या दोन्ही स्क्वाड्रन 'कागा' या एकाच विमानवाहू जहाजावर झेपावल्या. त्यातल्या एका स्क्वाड्रनचा प्रमुख रिचर्ड बेस्ट, त्याच्या ते लक्षात आलं. त्याने सूर आवरला, दोन साथीदारांना घेऊन 'आकागी'कडे वळला. तीन विमानं, तीन बॉम्ब. थेट लागला एकच, १,००० पौंडांचा, मधल्या लिफ्टजवळ, आणि तो डेक फोडून विमानं ठेवलेल्या हँगरमध्ये फुटला. आगीने जहाज संपवलं. याला नशीब म्हणायला माझी जीभ वळत नाही.

बेस्ट त्याच दुपारी 'हिर्यू' या आणखी एका जपानी विमानवाहू जहाजावर पुन्हा सूर मारून आला. सकाळी ऑक्सिजनच्या बिघडलेल्या डब्यातून त्याने विषारी वाफ ओढली होती, त्याने आतला क्षय उफाळला. त्या दिवसानंतर तो कधीच उडला नाही.