साक्याला अक्षर नाही

गेल्या एप्रिलात मी एका अक्षरापायी 17 दिवस घालवले आणि शेवटी अक्षर मिळालं नाही ते नाहीच. त्याच 17 दिवसांत घरच्यांनी हापूसच्या 140 पेट्या भरून मुंबईला धाडल्या. हा हिशेब मी कुणाला सांगितलेला नाही. आप्पा सांगतात. लग्नाकार्यात, पंगतीत, वाढपी भात घेऊन येईपर्यंतच्या वेळात.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. देवगडपासून जरा आत, सड्याच्या उतारावर आमची कलमं आहेत. मी नोकरी पुण्यातल्या कंपनीची करतो, पण घरून. घरात रेंज येते ती फक्त पडवीच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, आणि आंबा निवडायला उजेडही तिथेच बरा. म्हणून हंगामात बैठक अशी असते: समोर गवताचा ढीग, मध्ये आप्पा, त्यांच्या उजव्या हाताला पेटीचा माल, डाव्या हाताला कॅनिंगचा, म्हणजे पेटीत न शोभणारा, आणि कॅनिंगच्या ढिगाला टेकून मी. ही जागा मला कुणी दिली यावर मी फार विचार करत नाही.

"काय करतंस रे सकाळपासून?"

"तपासणीच्या चौकटीत एक सोय वाढवतोय, आप्पा."

"आणि ह्याचे पैसे देतत?"

देत नव्हते. हा माझा सुट्टीतला उद्योग होता, पण ते सांगितलं असतं तर माझ्या हातात तिथल्या तिथे आंबे उतरवायचा झेला आला असता.

पायथन भाषेबरोबर 'युनिटटेस्ट' नावाची एक चौकट फुकट मिळते. आपण लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालतो का, हे पाहणाऱ्या छोट्या छोट्या तपासण्या तिच्यात मांडायच्या आणि चालवायच्या. ती फारसं बोलत नाही. एका तपासणीला पडद्यावर एकच खूण: पास झाली तर टिंब, नापास झाली तर एफ, वाटेतच कोसळली तर ई. एफ आणि ई यांतला फरक मी ऑफिसात नव्या मुलांना समजावतो तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर झापड येते. आप्पांना एका वाक्यात कळला. आमच्या देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर कळे चिकटवतो. उजवा पडला की होकार, डावा पडला की नकार, आणि काहीच पडलं नाही तर देव काही बोललाच नाही.

"उजवो तो टिंब, डावो तो एफ," आप्पा म्हणाले, "आणि काय्यच पडला नाय तर ई. मगे परत लावूचो."

परत लावण्याची ही पद्धत आमच्या धंद्यातही आहे. तपासणी कधी पास, कधी नापास होत असेल तर कारण शोधण्याऐवजी पुन्हा चालवायची, उजवा पडेपर्यंत. आमच्याकडे निदान गुरवाला दक्षिणा द्यावी लागत नाही.

आणखी तीन अक्षरं आहेत. लहान एस म्हणजे ही तपासणी आज वगळली. एक्स म्हणजे ही नापास होणार हे आधीच ठाऊक होतं आणि झाली. यू म्हणजे नापास होणार म्हणून सांगितलं होतं आणि नेमकी पास झाली. या यूवर आप्पा खूश झाले, कारण त्यांचा सगळा स्वभाव एक्स आणि यूमध्ये मावतो. मोहोर आला की "ह्या वर्षी काय खरा नाय", फळ धरलं की "गळतला सगळा", आणि पीक चांगलं आलंच तर दोन दिवस जेवण जात नाही, की आता भाव पडणार. चौकटीचंही तसंच आहे. पायथनच्या 3.4 आवृत्तीपासून एक जरी यू आला तरी सगळी फेरी नापास धरली जाते. अनपेक्षित यश हे आमच्याकडे कोकणात आणि पायथनमध्ये, दोन्हीकडे संशयितच.

आता मला हवं होतं ते सातवं अक्षर. त्यासाठी साका सांगायला हवा.

साका हे हापूसचं खानदानी दुखणं. बाहेरून फळ निर्दोष: रंग, देठ, वास, सगळं जागच्या जागी. पाण्यात टाकलं तर बुडतं, म्हणजे तयार. कापलं की आत गराचा पांढुरका, आंबट, स्पंजासारखा पट्टा. क्ष-किरणांनी आत डोकावायचे प्रयोग झालेत, पण आमच्या पडवीत क्ष-किरणं नाहीत, आप्पांची बोटं आहेत. ती बोटं नव्वद गोष्टी ओळखतात. साका ओळखत नाहीत.

तपासण्यांनाही साका होतो. तपासणी बिल तयार करते, कर लावते, सवलत कापते, आणि रक्कम बरोबर आली का हे विचारायचं विसरून घरी जाते. दाव्याची, म्हणजे 'उत्तर इतकं यायला हवं' असं सांगणारी, ओळच नाही. चौकट काय करणार? काही कोसळलं नाही, काही नापास झालं नाही, टिंब. मला अशा टिंबांना वेगळी खूण द्यायची होती. कल्पना माझी एकट्याची नव्हे. पीएचपी भाषेतली चौकट अशा तपासण्यांना जोखमीच्या म्हणते आणि आर अक्षर देते. मग आम्हीच काय घोडं मारलंय?

पहिलाच अडथळा: साक्याचा एस. तो वगळलेल्यांनी आधीच बळकावला होता. मग के म्हणावं तर आई म्हणाली, "के म्हणजे काय, केळं?" शेवटी प्रश्नचिन्हावर आलो. प्रश्नचिन्ह पडद्यावर इतकं कुत्सित दिसतं, की ते बदलायच्या विचारात तीन दिवस गेले.

नावांची गोष्ट तर विचारूच नका. या चौकटीचं मूळ केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी लिहिलेल्या एसयुनिटमध्ये. पुढे 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून त्यांनी आणि एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी जेयुनिट उभी केली. (मी एकदा एसटीत लॅपटॉप उघडला होता. फोंडा घाट लागताच तो मिटला आणि पिशवी उघडली.) तिच्यावरून स्टीव्ह पर्सेल यांनी पायथनची चौकट रचली आणि 2001 साली 2.1 आवृत्तीत ती भाषेच्या घरात राहायला आली. पायथनच्या घरात शब्द लहान अक्षरांत लिहून खाली रेघ मारून जोडायची रीत. ही मात्र 'असर्टईक्वल'मधला (दोन गोष्टी सारख्या आहेत असा दावा करणारी आज्ञा) ई अजून जावासारखा मोठाच काढते. सून वीस वर्षांवर नांदली, पण वरणाला फोडणी माहेरचीच. 'असर्टईक्वल्स' असं शेवटी स लावलेलं तिचं एक जुनं टोपणनाव होतं. ते वापरू नका म्हणून दहा वर्षांहून जास्त काळ सांगत राहिले, तेव्हा कुठे 2023 मध्ये 3.12 आवृत्तीत ते काढता आलं. आणि 'असर्टकाउंटईक्वल' हे नाव ऐकून वाटतं, दोन्ही पेट्यांत 60 आंबे म्हणजे झालं. तसं नाही. ती क्रम सोडून देते, पण फळाला फळ जुळवून बघते. हे नाव ठेवणाऱ्याने माझ्यासारखेच तीन दिवस घालवले असतील आणि शेवटी दमून झोपला असेल, असा माझा कयास आहे.

कामाला लागलो. मुख्य बदल जेमतेम 20 ओळींचा: प्रत्येक दाव्याला मोजणी लावायची, शेवटी मोजणी शून्य असेल तर टिंबाऐवजी प्रश्नचिन्ह. एका दुपारचं काम. उरलेले 16 दिवस शेपटाचे. निकाल गोळा करणारे प्रोग्रॅमचे तुकडे जगात लोकांनी आपापले लिहून ठेवलेत; त्यांना माझी नवी खूण माहीत नसणार. वगळण्याची सोय आली तेव्हाही हाच पेच होता, म्हणून निकालवाल्याकडे ती सोय नसेल तर चौकट एक इशारा देते आणि गुमान पुढे जाते. मीही तसाच इशारा लिहिला. मग माहितीपत्रकात परिच्छेद. मग या तपासणी-चौकटीच्या स्वतःच्या तपासण्या.

"म्हणजे तपासणाऱ्याक तपासूचा?" आप्पांनी हातातला आंबा खाली ठेवला. "आणि त्येका कोण तपासता?"

"तीच चौकट, आप्पा. ती स्वतःवरच चालते."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग आंबा उचलून डावीकडे टाकला. तो चांगला होता, मी पाहिलं.

ऑफिसातल्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, पायटेस्ट ही दुसरी चौकट का वापरत नाहीस, सगळं जग वापरतं. हापूसवाल्याच्या दारात उभं राहून पायरीचा भाव विचारू नये. पण तिनेच माझा आंबा कापला. म्हणाली, नुसता 'असर्ट' शब्द वापरून दावा केला तर तुझ्या मोजणीत कसा येणार? तो भाषेचा शब्द, चौकटीचा नव्हे. तपासणीपुरत्या खऱ्यांच्या जागी उभ्या केलेल्या नकली वस्तूंच्या अंगचे दावे असतात, ते कसे मोजणार? आणि ज्या तपासणीचा हेतू एवढाच, की हे चालवल्यावर कोसळू नये, तिला तू प्रश्नचिन्ह देणार?

मी म्हटलं, रेंज जातेय. रेंज अगदी ठणठणीत होती.

तरी सगळं मोडीत काढण्याआधी एकदा चालवून बघावं म्हणून ऑफिसच्या प्रकल्पावर माझी सुधारलेली चौकट लावली. पहिल्या फेरीत शून्य तपासण्या, कारण फायलींची नावं मी मागे कौतुकाने मराठीत ठेवली होती, आणि नाव 'टेस्ट'ने सुरू होत नसेल तर चौकट फाईल शोधतच नाही. 3.12 च्या आधी ती शून्य तपासण्यांनाही ओके म्हणायची; त्या ओकेवर मी तीन आठवडे शांत झोपलेलो आहे. आता म्हणते, एकही तपासणी चालली नाही. नावं बदलली. दुसऱ्या फेरीत 340 तपासण्या, 27 प्रश्नचिन्हं. मैत्रिणीने म्हटल्याप्रमाणे त्यातली 8 निर्दोष निघाली. उरलेल्या 19 तपासण्या कुणी लिहिल्या हे बघितलं. सगळ्यांवर नाव माझं.

तेवढ्यात मुंबईहून फोन. पेटीतल्या दोन फळांत साका निघाला. आप्पांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला, म्हणाले, "आतला कोणाक म्हायत?" आणि पुढची पेटी ओढली.

मी पहिली तपासणी उघडली. बिल तयार होतं, कर लागतो, सवलत कापली जाते. शेवटी एक ओळ घातली: रक्कम इतकी यायला हवी. चालवली. पडद्यावर एफ. नीट बघितलं तर सवलत कराच्या आधी कापायची ती नंतर कापली जात होती, दोन वर्षं, सगळ्यांच्या बिलात.

"काय झाला रे? गप कित्याक बसलंस?"

"डावा पडला, आप्पा."

"परत लाव."