बेटावरच्या त्या मेंढ्या उपाशी नाहीत भो

आठ दिवसांपासून साक्री, धुळे, शिरपूर, सगळ्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. स्कॉटलंडच्या एका बेटावर मेंढ्या खडकांवर उभ्या राहून समुद्रातलं शेवाळ खातायत आणि खाली लिहिलंय की मालकांनी भिंत बांधून त्यांना बाहेर काढलं, त्या रानटी झाल्या, उपाशी मरतायत, सील (समुद्रात राहणारा प्राणी) त्यांची कोकरं खातात आणि आता गवत खाल्लं की लगेच मरतात. आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरं आहेत म्हणून राहवलं नाही.

बेट म्हणजे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटसमूहातलं नॉर्थ रोनाल्डसे. भिंत खरी आहे, १८३२ सालची, दगडाची, बेटाभोवती साधारण २१ किलोमीटर. आतली शेती राखायला बांधली. पण बेवारस? मेंढ्यांना मालक आहेत, लोकर कातरायची वेळ आली की गावचे लोक मिळून किनाऱ्यावरून हाकत दगडी वाड्यात आणतात, आणि कोणी किती मेंढ्या ठेवायच्या ते ठरवायला त्यांची स्वतःची पंचायत आहे. रानटी जनावराला कोण एवढं करतं?

उपाशीचं तर उलटंच आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात चारा संपतो आणि मेंढरू वाळतं, तिथे ही मेंढी हिवाळ्यात धष्टपुष्ट होते, कारण वादळात लाटा ढिगानं शेवाळ किनाऱ्यावर आणून टाकतात. (केळीवाले ड्रिपमधून सीव्हीड सोडतात ना, त्याच जातीचं प्रकरण.) ओहोटी लागली की दिवस असो रात्र असो खाली उतरून चरायचं, भरती आली की वर बसून रवंथ. आमची मेंढरं सूर्य बघून चालतात, त्यांची समुद्र बघून, एवढाच फरक.

सील. सील मासे खातो. आणि मेंढ्या वितात वसंतात, तेव्हा त्यांना भिंतीच्या आत गवतावर घेतात आणि साधारण ऑगस्टपर्यंत कोकरांसकट तिथेच ठेवतात. म्हणजे नवं कोकरू किनाऱ्यावर नसतंच. ग्रे सीलची पिल्लं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात.

आता गवत खाल्लं की मरतात, हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवतं. शेवाळात तांबं फार कमी, त्यामुळे या जातीचं शरीर मिळेल तेवढं तांबं ओढून घेतं. कायम गवतावर ठेवली तर ते लिव्हरमध्ये साचत जातं आणि विषबाधा होऊ शकते, पण हे सावकाश होतं, नाहीतर दरवर्षी तीन-चार महिने गवतावर काढलेल्या मेंढ्या परत किनाऱ्यावर गेल्याच नसत्या.

आणि हे वाचून "आपल्याला काय" म्हणू नका. आपल्या मेंढीलाही गाईपेक्षा तांबं खूप कमी सोसतं. मी चांगल्या चांगल्या घरात गाईचं मिनरल मिक्श्चर मेंढ्यांच्या टोपल्यात टाकताना बघितलंय, ताकद येईल म्हणून. गोणीवर कॉपर सल्फेट (म्हणजे तांबं) लिहिलेलं असेल तर आधी डॉक्टरला विचारा, मगच मेंढरांसमोर ठेवा.