तांदळातला मालकंस

पाण्यात पडलेलं यंत्र बाहेर काढलं की ते चालू होतंय का हे बघितल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. अप्पांचा आयपॉड न्हाणीघरातल्या पिंपातून निघाला (पाणी किती उरलंय ते बघायला अप्पा वाकले आणि तो सदऱ्याच्या खिशातून निसटला), तेव्हा हा विधी घरातल्या प्रत्येकाने पार पाडला. आधी अप्पांनी बटण दाबलं. मग आईने, कारण अप्पांना एकही बटण धड दाबता येत नाही असं तिचं लग्नापासूनचं मत आहे. मग भाच्याने. मग पैसे मागायला आलेल्या पेपरवाल्याने. पडदा एकदा उजळला, थरथरला आणि काळा झाला. "बॅटरी उतरली असेल," म्हणत अप्पांनी तो चार्जिंगलाही लावला.

नेमकं हेच करायचं नसतं. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण नळाच्या पाण्यात क्षार असतात. त्यात आत बॅटरी जिवंत असली की वीज नको तिथून वाट काढते, सर्किटवरचं तांबं विरघळतं आणि हिरवट थर चढतो. पिंपाने जे अर्धवट सोडलं होतं, ते आमच्या काळजीने पूर्ण केलं.

"टाका ना आजोबा, यूट्यूबवर सगळं आहे," भाचा म्हणाला. त्याचंही खरं होतं. ॲपल कंपनीने हे क्लासिक मॉडेल 2014 मध्ये विकायचं थांबवलं आणि 2022 मध्ये आयपॉड हे प्रकरणच गुंडाळलं. पण अप्पांच्या आयपॉडमध्ये आहे ते यूट्यूबवर नाही. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं आकाशवाणीवरचं गाणं टिपलं, आणि गाण्याबरोबर आमचं स्वयंपाकघरही टिपलं गेलं. मालकंसाच्या विलंबितात कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत. पुढे त्याच गायकाच्या मालकंसाची सीडी आणली, तर अप्पा शेवटपर्यंत अस्वस्थ. "मधलं काहीतरी गाळलंय यांनी," म्हणाले.

तेव्हा उपचार ठरला, तांदळाचा. हा इलाज कुणी शोधला देव जाणे, पण तो प्रत्येकाला ठाऊक असतो. वाद झाला तो कुठला तांदूळ यावर. आंबेमोहोर आईने डब्यातून काढूच दिला नाही. इंद्रायणी चिकट, आतल्या तारांना लागेल. रेशनचा काढला तर अप्पा दुखावले: "माझ्या मालकंसाला रेशनचा?" शेवटी कोलमवर तडजोड झाली आणि आयपॉड डब्यात गेला. रोज सकाळी झाकण उघडून बटण दाबून बघणं चालूच होतं.

तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही. फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होईल, असं याच कंपनीने 2024 मध्ये जाहीर सांगितलं. आमच्याकडे कण नाही, अख्खा दाणा हेडफोनच्या भोकात शिरला. तो काढायला आईने सुई घेतली, आणि दाणा आणखी आत गेला.

मग पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली. तिथल्या कारागिराने भोकात टॉर्च मारला. आत एक पांढरा ठिपका बसवलेला असतो, तो पाणी लागलं की लाल होतो. चुगली करण्यापलीकडे त्याला काही काम नाही.

"पाण्यात पडला होता?"

"छे. जरा दमट झाला होता," अप्पा म्हणाले.

"आणि हा भात?"

अप्पांनी समोरच्या दुकानाची पाटी वाचायला घेतली.

मागचं स्टीलचं झाकण आतल्या खाचांत इतकं घट्ट बसलेलं असतं की ते उचकटताना कारागीरसुद्धा श्वास रोखतो, कारण झाकणाला नाजूक पट्ट्या जोडलेल्या असतात, आणि त्या तुटल्या तर संपलं. झाकण निघालं. "कार्बन धरलाय. वॉश करावा लागेल."

"अहो, धुतला गेला म्हणूनच तर इथे आलोय!"

पण पाणी उडून गेलं तरी क्षार मागे राहतात, आणि ते काढायला पुन्हा अंघोळच लागते. बॅटरी आणि डिस्क बाजूला काढून त्याने बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं आणि जुन्या टूथब्रशने घासायला घेतलं. आयुष्यभर चहापलीकडे न गेलेल्या अप्पांनी 'अल्कोहोल' ऐकून माझ्याकडे पाहिलं. "अभंगही आहेत त्यात," ते हळूच म्हणाले.

बोर्ड वाचला. डिस्कही सुदैवाने वाचली, पण तिचं वय झालं होतं; तिच्यातलं गाणं मेमरी कार्डावर उतरवून कार्डच आत बसवलं. फक्त नावं गेली. आयपॉड आपल्या पोटात फायलींना चार-चार अक्षरांची भलतीच नावं देतो आणि खरी नावं वेगळ्या यादीत ठेवतो; ती यादी उघडेना. भाच्याने कपाळाला हात लावला. अप्पा मात्र हेडफोन लावून बसले. "दोन शिट्ट्या. मालकंस, लिही. इथे भांडं पडलं, म्हणजे मारवा. इथे तुझी आजी खोकतेय... थांब, हा यमन."

आता अप्पा सोसायटीतले तज्ज्ञ झालेत. परवा खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन बादलीत पडला. ते तांदूळ मागायला वर आले, तर अप्पांनी त्यांना दारातच अडवलं. "तांदूळ अजिबात नको. बटणाला हात लावू नका. आधी त्याला नीट अंघोळ घातली पाहिजे."

काकांनी क्षणभर विचार केला. "साबण कुठला?"