पत्र्याच्या खोलीतली 'गाढ झोप'

वाळूच्या ढिगावर आडवा झालेल्या मजुराचा एक फोटो दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरून येतो. खाली मजकूर: 'हा वाळूवर गाढ झोपतो, मालक एसीत गोळी घेऊन. कष्टकऱ्याला डिप्रेशन येत नाही. चार मित्र आणि एक क्वार्टर, झालं त्याचं कौन्सेलिंग!' परवा आम्हा साइट इंजिनिअरांच्या ग्रुपवरही तो आला आणि भराभर अंगठे पडले. म्हणून एकेक वाक्य घेतो.

'गाढ झोपतो.' दुपारी झोपतो, कारण रात्रीची झोप झालेली नसते. उन्हाळ्यात पत्रा मध्यरात्रीपर्यंत तापलेला, खोलीत सात-आठ जण. पण त्याहून जास्त जागवतो तो हिशेब. बाहेरगावचा मजूर मुकादमाकडून उचल घेऊन आलेला असतो. आठवड्याला हाती पडते ती फक्त खर्ची, बाकीचं काम संपल्यावर. उचल किती फिटली, खाडे किती धरले, सगळं मुकादमाच्या डायरीत. गावाकडे पोर तापाने फणफणलं तरी निघायचं की नाही, हे त्याच्या हातात नसतं.

माझ्या एका साइटवर सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखालचा साचा बांधणारा, एक चांगला कारागीर तीन दिवस गप्प गप्प होता. विचारलं तर "डोकं दुखतंय, साहेब." मी गोळी आणून दिली. चौथ्या दिवशी फळीवरून पाय सुटला. खाली जाळी होती म्हणून वाचला. रजिस्टरात कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्याची पाच महिन्यांची मजुरी अडकली होती, हे नंतर कळलं. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

'डिप्रेशन येत नाही.' राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा. 2014 साली देशातल्या आत्महत्यांमध्ये रोजंदारीवरचे 12 टक्के होते. 2021 मध्ये 1,64,033 पैकी 42,004, म्हणजे 25.6 टक्के. शेतमजूर यात धरलेले नाहीत. हे सगळे बांधकामावरचे नव्हेत, मान्य. पण नाक्यावर उभा राहणारा माणूस आज स्लॅबवर असतो आणि उद्या हमालीला. आणि मजुरी बरी मिळाली की प्रश्न मिटतो असंही नाही: इंग्लंडमध्ये 2011 ते 2015 या काळात बांधकामावरच्या अकुशल पुरुष मजुरांमध्ये आत्महत्येचा धोका तिथल्या पुरुषांच्या सरासरीच्या 3.7 पट निघाला.

'एक क्वार्टर.' याला कौन्सेलिंग म्हणणाऱ्याने खर्ची वाटपाची रात्र लेबर कॅम्पवर काढावी आणि सकाळी तिथल्या बायकांना विचारावं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकाराचे सुमारे 86 टक्के रुग्ण उपचाराविना आढळले होते.

'चार मित्र' यात मात्र तथ्य आहे. ऑस्ट्रेलियात 'मेट्स इन कन्स्ट्रक्शन' ही संस्था 2008 पासून साइटवरच्या कामगारांनाच शिकवते: सोबती बदललाय हे कसं ओळखायचं, त्याला काय विचारायचं, कुणाकडे न्यायचं. फरक एवढाच की तिथे मित्राला हे शिकवलं जातं. आपण त्याच्या हातात ग्लास देऊन मोकळे होतो.

एवढं लिहिल्यावर ग्रुपवर प्रश्न आला, "मग काय साइटवर सायकियाट्रिस्ट बसवू?" नको. आधी ठरल्या तारखेला मजुरी द्या, हजेरी-उचलीचा हिशेब दर आठवड्याला मजुराच्या मोबाइलवर पाठवा, गावी जायला निघालेल्याचे पैसे अडवू नका. सकाळी काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या बोलण्यात, म्हणजे टूलबॉक्स टॉकमध्ये, हेल्मेट-बेल्टनंतर दोन मिनिटं झोपेबद्दल विचारा. आणि 'टेलि मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर साइटवर लिहून लावा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठी-हिंदीत बोलता येतं.

आम्ही तो आधी ऑफिसच्या दाराबाहेर लावला होता. साहेबाच्या दाराशी उभं राहून असलं काही कोण वाचणार? आता तो कॅम्पवर मोबाइल चार्जिंगच्या बोर्डाशेजारी आहे, मोठ्या अक्षरात, हिंदीत. तिथे माणूस पंधरा मिनिटं तरी उभा असतो.