‘सरकारने बंदी कुठे घातली होती?’

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की हॉलिवूडला सरकारी सेन्सॉर बोर्ड नव्हतंच, स्टुडिओंनी आपखुशीने नियम पाळले. तेव्हा समलिंगी पात्रं गाळली गेली याला सेन्सॉरशिप म्हणणं म्हणजे राईचा पर्वत करणं.

केंद्राचं बोर्ड नव्हतं हे खरं. न्यूयॉर्क, ओहायोसारख्या राज्यांची मात्र होती. पण ‘आपखुशीने’ हे काही पटत नाही. हेज कोड (पडद्यावर काय दाखवायचं नाही याची स्टुडिओंच्या संघटनेचीच नियमावली) 1930 साली आला तेव्हा तो बराचसा कागदावरच राहिला. 1934 मध्ये कॅथलिकांनी बहिष्काराचं हत्यार उपसलं आणि हा कोड राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कचेरीचा शिक्का सक्तीचा झाला. शिक्क्याविना चित्रपट लावला तर 25,000 डॉलर दंड! शहरांतली बडी थिएटरंही त्याच स्टुडिओंची. निर्मात्याने जायचं कुठे? सरकारी बंदीविरुद्ध निदान कोर्टात तरी जाता येतं.

लिलियन हेलमनच्या ‘द चिल्ड्रन्स अवर’चंच बघा. शाळा चालवणाऱ्या दोन मैत्रिणींचे संबंध असल्याची आवई एक विद्यार्थिनी उठवते आणि दोघींचं आयुष्य धुळीला मिळतं. 1934 साली ब्रॉडवेवर नाटक तुफान चाललं. 1936 मध्ये विल्यम वायलरने त्यावर चित्रपट केला, तर आवईच बदलावी लागली: एक मैत्रीण म्हणे दुसरीच्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर! पटकथा खुद्द हेलमनची, पण नाटकाचं नावसुद्धा वापरायची सोय नव्हती, म्हणून ‘दीज थ्री’. 1961 मध्ये कोड सैल झाला आणि वायलरनेच मूळ गोष्ट पुन्हा केली. त्यात दोघींपैकी एक, मार्था, मैत्रिणीवरच्या प्रेमाची कबुली देते आणि गळफास घेते. (विषयाला परवानगी मिळाली, पात्राला जगायची नाही.)

बंधनांमुळे आडवळणाची कला बहरली, हा तुमचा मुद्दा काही अंशी मान्य. पण ‘स्पार्टाकस’ या चित्रपटातला स्नानगृहाचा प्रसंग, जिथे रोमन सरदार गुलामाला बायका आवडतात की पुरुष हे सुचवतो, तो कालवं आवडतात की गोगलगायी, इतक्या आडून लिहिला होता, तरी 1960 मध्ये कापलाच. 1991 मध्ये तो परत जोडला तेव्हा मूळ आवाज हरवलेला आणि सरदाराचं काम केलेले लॉरेन्स ऑलिव्हिए हयात नव्हते. त्यांचे संवाद अँथनी हॉपकिन्सने म्हटले.

आणि 1968 मध्ये कोड गेला, विषय संपला, असंही नाही. 1989 मध्ये एबीसी या अमेरिकी वाहिनीवरच्या ‘थर्टीसमथिंग’ मालिकेत दोन पुरुष अंथरुणात बसून नुसते बोलताना दिसले. सरकारी हुकूम इथेही सापडणार नाही; जाहिरातदारांनी हात काढून घेतला आणि एबीसीने तो भाग पुन्हा दाखवला नाही.