मुलं कितवीत आहेत?

नाशकात मुलांची चौकशी तीन टप्प्यांत होते. आधी "कितवीत आहे?", मग "कुठल्या शाळेत?" आणि उत्तर पटलं नाही तर "क्लास कुठला लावलाय?" आम्ही पहिल्याच टप्प्यावर गारद होतो. आमची तिन्ही मुलं घरीच शिकतात आणि प्रत्येक जण एकाच वेळी तीन-चार इयत्तांमध्ये आहे.

मोठी तेरा वर्षांची. वाचनात तिला थेट कॉलेजात बसवा. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती उलगडून, दोन्ही बाजूंनी वाचते. गणितात मात्र तिसरीच्या उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभी आहे. मधला दहाचा. तोंडी हिशेबात वाण्याच्या आधी सुटे पैसे सांगतो, मिक्सर उघडून परत लावतो (एखादा स्क्रू उरतो, पण मिक्सर चालतो), आणि 'घर' लिही म्हटलं की 'धर' लिहितो. काय धरायचं, ते अजून कळलेलं नाही. धाकटी सात वर्षांची. तिला सगळं येतं, फक्त बसता येत नाही.

परवा लिफ्टमध्ये एका आजोबांनी मोठीला विचारलंच. ती म्हणाली, "वाचनात तेरावीला, गणितात तिसरीला. सरासरी हवी असेल तर भावाला विचारा." भावाने आजोबांचा मजला यायच्या आत "आठवी" म्हणून सांगितलं. आजोबांचं समाधान झालं. माणसाला आकडा लागतो, बाकी काही नाही.

हे घरशाळेचं प्रकरण आम्ही फार विचारपूर्वक वगैरे सुरू केलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, मोबाइलवरून शाळा घरात आली आणि ती परत गेलीच नाही. तोवर मुलं शाळेत काय करतात हे मला डब्यावरून कळायचं: डबा रिकामा म्हणजे दिवस बरा. आता मी शेजारीच बसले होते. मोठी वजाबाकीच्या तासाला कॅमेरा बंद करून रडताना दिसली आणि पुढे मधला अक्षरओळख करायला बसला, तेव्हा तो धडा वाचत नसून पाठ म्हणत होता हेही दिसलं. ओळ बोटाखाली एक, तोंडात दुसरीच.

मग तपासण्या झाल्या. मोठीला डिस्कॅल्क्युलिया, मधल्याला डिस्लेक्सिया आणि त्याच्या जोडीला डिस्ग्राफिया. म्हणजे एकीला अंक दगा देतात, दुसऱ्याला अक्षरं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे, त्याचं रीतसर प्रमाणपत्रही मिळतं. नातेवाइकांकडे मात्र एकच प्रमाणपत्र असतं: "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही."

यावर आमच्या सासूबाईंनी दिलेलं उत्तर मी फ्रेम करून लावणार आहे. "होतं की. आम्ही त्याला 'ढ' म्हणायचो."

सासूबाई निवृत्त शिक्षिका. सुरगाण्याकडच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत त्यांची उमेदीची वर्षं गेली. द्विशिक्षकी म्हणजे चार वर्ग आणि शिक्षक दोन. त्यातला एक कायम जनगणनेला, मतदारयाद्यांना नाहीतर पंचायत समितीच्या बैठकीला. म्हणून माझी तीन मुलांची तारांबळ त्यांना मुळीच कौतुकाची वाटत नाही.

"आई, तीन मुलं, तीन तऱ्हा. एकाच वेळी कसं शिकवायचं?"

"त्यात काय? पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, दुसरीला पाढे म्हणायला, तिसरीला शुद्धलेखन द्यायचं."

"आणि चौथी?"

"चौथीला पाणी आणायला पाठवायचं."

ही पद्धत मी अमलात आणली. अडचण एवढीच की आमच्याकडे पाणी आणायला तिघंही तयार असतात.

इंटरनेटवरचे अनुभवी पालक सांगतात, विषय एक घ्या आणि प्रत्येक मुलाला त्याच्या वकुबाप्रमाणे काम द्या. म्हणून एका सोमवारी मी गोदावरी घेतली. घरची नदी, काय बिघडणार? मोठीने ब्रह्मगिरीपासून वाचायला सुरुवात केली आणि त्र्यंबकेश्वर, कुशावर्त, सिंहस्थ, आखाड्यांची भांडणं असं करत दुपारपर्यंत ती नाशिकच्या पुढे सरकली नाही. मधल्याला मी नदीची लांबी सांगितली, १४६५ किलोमीटर. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पाणी ताशी तीन किलोमीटर चाललं, तर समुद्राला पोचायला वीस दिवस आणि आठ तास." मी आनंदाने म्हटलं, लिही. त्याने वहीकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. मग म्हणाला, "पण ते पैठणला जायकवाडीत अडकेल. धरणाचं गणित वेगळं धरावं लागेल." ते वेगळं गणित मला येत नव्हतं. तेवढ्यात धाकटीने बाथरूममध्ये उगमापासून मुखापर्यंत गोदावरी प्रत्यक्ष वाहवली होती. मुख आमच्या बेडरूममध्ये होतं.

पाणी पुसून आले तर मोठीच्या वहीत नदीची लांबी १४५६ झालेली. तिला ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. 'पासष्ट' ऐकल्यावर आधी पाच लिहावासा वाटतो यात त्या पोरीची चूक ती काय? आपली भाषा आधी सुटे मोजते आणि मग दशक, अंक मात्र लिहायचा उलटा. पंचवीसमध्ये पाच पुढे, वहीत मागे. त्यात ती एकोण मंडळी! एकोणसाठ. म्हणायचं साठ, लिहायचा पाच, आणि नऊचा तर कुठे उल्लेखच नाही. ज्या मुलाच्या डोक्यात अंक आधीच जागा बदलतात, त्याला आपण हे सगळं दुसरीत एका दमात देतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचायची सोय केली, तेव्हा महाराष्ट्र पोट धरधरून हसला होता. विधानसभेतसुद्धा कोट्या झाल्या. हसणाऱ्यांना एकदा आमच्या मोठीसमोर 'एकोणऐंशी' म्हणून बघायला सांगायला हवं. ती शांतपणे विचारते, "म्हणजे नक्की किती? खरं सांग."

तिच्यासाठी मी शंभर मण्यांची माळ केली; दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. त्रेपन्न म्हणजे पाच पूर्ण रंग आणि तीन मणी, डोळ्यांना दिसतात, बोटांना लागतात. माळेवर ती पहिल्यांदा न रडता वजाबाकी करू लागली. मी फोन करून माहेरी सांगेपर्यंत धाकटीने ती माळ गळ्यात घालून खाली खेळायला नेली. परत आली ती एक्क्याऐंशी मण्यांची. मधल्याने मोजली, म्हणून एवढं तरी कळलं.

मधल्याची सोय वेगळी. त्याला अक्षर नुसतं दिसून उपयोग नाही, हाताला लागावं लागतं. म्हणून ताटात रवा पसरून तो बोटाने गिरवतो. ध आणि भ, यांना वर गाठ. घ आणि म, यांना नाही. गाठ मारताना मोठ्याने म्हणायचं, "ध, गाठीचा." उपाय लागू पडला. पण ताट पुसून रवा परत डब्यात भरणं हे माझ्यातल्या गृहिणीला मानवतं, आणि त्यामुळे आमच्याकडे शिरा झाला की धाकटी हमखास विचारते, "हा घ चा आहे की ध चा?"

आता गंमत बघा. मधला मोठ्याने अक्षरं म्हणतो, त्याने मोठीचं मन उडतं. तिला मण्यांच्या वेळी शांतता लागते. मोठीला शांतता दिली की धाकटी पेंगते, कारण तिचं डोकं पाय हलल्याशिवाय चालत नाही. धाकटीचे पाय हलले की टेबल हलतं आणि मधल्याने जिवाच्या आकांताने काढलेली गाठ पुन्हा सुटते. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं, आणि तिसरी हा साथीचा रोग. नवरा अंबडच्या एमआयडीसीतून सातला घरी येतो आणि सगळं ऐकून म्हणतो, "लाइन बॅलन्सिंग करायला हवं, कारखान्यात प्रत्येकाला सारखं काम वाटतात तसं." त्याला आता मी शनिवारचं विज्ञान दिलंय. पहिल्या शनिवारी त्याने विद्युतमंडल शिकवलं. मेन स्विच मधल्यानेच परत चालू केला.

धाकटीला शेवटी जिन्यात हलवलं. एका पायरीला एक गुणाकार. बे एके बे, उडी, बे दुणे चार, उडी. दहा पायऱ्या झाल्या की पाढा संपतो आणि चौक येतो, बांधणाऱ्याने जणू याच हेतूने जिना काढला असावा. ती सहाच्या पाढ्यापर्यंत पोचली, तशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आधी सेक्रेटरींना सांगितलं, मग मला. "अगं, दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच तुमची चोवीस-तीस सुरू होते." मी वेळ बदलून अकराची केली. काकू काही बोलल्या नाहीत, पण अकरा वाजता त्यांचं दार किलकिलं असायचं.

सणासुदीला आत्या येतात आणि तोंडी परीक्षा घेतात. यंदा दिवाळीत फराळाची ताटली हातात असतानाच त्यांनी मधल्याला पकडलं. "सतरा नव्वे?"

"सतरा दाही एकशे सत्तर, त्यातून सतरा गेले. एकशे त्रेपन्न."

"असं नाही. पाढ्यात सांग."

"पाढ्यातलं आणि हे वेगळं येतं का?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हुशार आहे गं, पण बेसिक कच्चं आहे." एवढं बोलून त्या मोठीकडे वळल्या आणि तिने त्यांना आखाड्यांची भांडणं पेशवाईपासून सांगायला घेतली. आत्यांची बस चुकली.

कायद्याचं विचाराल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० पालकांना सांगतं की मुलाला शाळेत घालणं तुमचं कर्तव्य. घातलं नाही तर काय, ते सांगत नाही. भारतीय आईच्या 'बघ हं मग' या धमकीइतकंच ते मोघम आहे, आणि त्या मोघमपणात आमच्यासारखी घरं दिवस काढतात. दहावीसाठी मुक्त विद्यालयाची राष्ट्रीय संस्था आहे, एनआयओएस. वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत आणि विषय पाच. मोठी लवकरच चौदाची होईल, म्हणून परवा आम्ही विषयांची यादी घेऊन बसलो. मराठी, इंग्रजी, मानसशास्त्र, चित्रकला, गृहविज्ञान. तिने भराभर खुणा केल्या.

सासूबाईंनी चष्मा वर केला. "गणित?"

"सक्तीचं नाही, आई."

"गणिताशिवाय दहावी?" त्यांनी हे अशा सुरात विचारलं, जसं कुणी त्यांना सांगितलं होतं की आता नवरदेवाशिवाय लग्न लागतं. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "आणि उद्या हिशेब कोण करणार?"

"आहे ना हा," मोठी मधल्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"आणि त्याचे अर्ज कोण लिहिणार?"

"मी. दर अर्जाला वीस रुपये."

"पाच अर्जांना?" सासूबाई शेवटी शिक्षिकाच.

मोठी मण्यांची माळ शोधायला उठली. मधल्याने तोंड उघडलं, तसं मी त्याच्यासमोर चिवड्याची वाटी सरकवली. माळेवर वीस, चाळीस, साठ होत असतानाच बेल वाजली. दारात काकू. मी मनातल्या मनात माफीची जुळवाजुळव करू लागले, कारण जिन्यात सातचा पाढा जोरात होता.

"रागवायला नाही आले गं," काकू म्हणाल्या. "पण ती तुझी धाकटी रोज आठव्या पायरीवर सात आठे चोपन्न म्हणते. मी खालून छप्पन्न, छप्पन्न म्हणून ओरडते, पण उड्यांत तिला ऐकू जात नाही. उद्यापासून मीच जिन्यात खुर्ची टाकून बसते. अकरालाच ना?"