देश निवडताना आधी आई-वडिलांचं विचारा

"ताई, कुठला देश चांगला?" हा प्रश्न हल्ली मला सारखा येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल मुलामुलींना पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून लातूर, सांगली, नाशिककडून मेसेज वाढलेत. मी याच राज्यात, स्टुटगार्टजवळ राहते. त्याआधी काही वर्षं न्यू जर्सीत होते. भाऊ दुबईत आहे, मैत्रिणी मेलबर्न, टोरांटो, सिंगापूरला. त्यामुळे तुलना करायला माझ्याकडे बरंच काही आहे, आणि एक मत पक्कं झालंय.

मुलं विचारतात पगार किती, टॅक्स किती कापतात, पीआर (कायमचं राहण्याचा परवाना) कधी मिळतो, थंडी सोसते का. सगळे प्रश्न योग्यच. पण आई-बाबा पंचाहत्तरीला आले की तो देश काय म्हणतो, हे जवळजवळ कुणीच विचारत नाही. पंचविसाव्या वर्षी ते सुचतही नाही, कारण तेव्हा बाबा स्वतः स्कूटरवरून स्टेशनला सोडायला येतात. माझं म्हणणं आहे की देशांची तुलना इथूनच सुरू करावी. पगारातला फरक पुढे भरून निघतो. आई-वडिलांबाबतचा नियम मात्र तुम्ही गेलात त्या दिवशीच ठरलेला असतो आणि तो तुमच्या कर्तबगारीने बदलत नाही.

अमेरिकेपासून सुरुवात करते, कारण तिथला कायदा कागदावर सगळ्यात उदार आहे. एकवीस वर्षांवरचा अमेरिकन नागरिक आई-वडिलांना ग्रीन कार्डवर आणू शकतो आणि त्याला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. इतका स्पष्ट हक्क मला दुसऱ्या कुठल्या मोठ्या देशात दिसलेला नाही. पण तो नागरिकाचा हक्क आहे, ग्रीन कार्डवाल्याचा नाही. आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही, त्यामुळे आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. कार्ड मिळालं की नागरिकत्वासाठी सहसा आणखी पाच वर्षं. तिशीत गेलेला मुलगा नागरिक होतो तेव्हा आई-वडील ऐंशीकडे झुकलेले असतात. त्यानंतरही ते आले, तर वृद्धांसाठीच्या मेडिकेअर विम्यात शिरायला त्यांना सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. ऐंशीच्या माणसाला पाच वर्षं थांब म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

आणि ते येईपर्यंत तुम्ही तरी जाऊ शकता का? एच-वन-बी या नोकरीच्या विसावर असताना पासपोर्टवरच्या विसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर भारतात जाणं सोपं आणि परत येणं अवघड. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीशिवाय नुसती कागदपत्रं टाकून शिक्का मिळवायची सोयही या विसावाल्यांसाठी बंद झाली. माझ्या ओळखीतल्या एकाने वडिलांचे दिवस व्हिडिओ कॉलवर केले. गुरुजी इकडे नाशिकला, तो तिकडे बेसमेंटमध्ये, पुढ्यात लॅपटॉप. नोकरी, घराचं कर्ज, दोन मुलांची शाळा, सगळं त्या एका शिक्क्यावर लटकलेलं. त्याला कुणी निष्ठुर म्हटलं तर मला राग येतो. तो निष्ठुर नाही, अडकलेला आहे.

अमेरिकेच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. १९९३ च्या कौटुंबिक रजेच्या कायद्याने गंभीर आजारी आई किंवा वडिलांसाठी वर्षात बारा आठवडे रजा घेता येते आणि नोकरी शाबूत राहते. आई-वडील पुण्यात असले तरी चालतं, तिथल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र पुरतं. रजा बिनपगारी आहे, आणि पन्नासपेक्षा कमी माणसांच्या कंपनीत बहुधा लागू होत नाही. शिवाय सासू-सासरे या कायद्यात बसत नाहीत. आपल्याकडे सासूबाईंचं पथ्यपाणी कोण बघतं? सून. तिला ही रजा नाही.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर हा विषय आधी वाचावा आणि मग अर्ज भरावा. तिथे आई-वडिलांच्या कायमच्या विसासाठी मुलांची मोजणी होते. साधारणपणे निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी हवीत. तीन भावंडांतली दोघं महाराष्ट्रात असतील, तर मेलबर्नच्या मुलीला आईला कायमचं आणता येत नाही. मोजणीत बसलात तर दोन वाटा: साधी रांग, जिची मुदत सरकारी अंदाजानेच तीस वर्षांच्या आसपास आहे, किंवा माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर भरून लागणारी दुसरी रांग, आणि तीही बरीच वर्षं चालते. माझी मैत्रीण हे सगळं शांतपणे सांगते. मला ते ऐकवत नाही. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम इतके आवळले की आई-वडिलांना रोजच्या कामांसाठीही दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी काळजी मायदेशी मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे माणूस पुरता खचल्यावर दार किलकिलं होणार.

कॅनडाचा आई-वडिलांसाठीचा सुपर विसा मला या सगळ्यांत माणुसकीचा वाटतो. २०२२ पासून आई-वडील एका खेपेला पाच वर्षं राहू शकतात. किमान एक लाख डॉलरचं संरक्षण देणारा आरोग्य विमा लागतो, मुलाचं उत्पन्न ठरलेल्या रकमेवर लागतं, पण वाट दिसते. कायमचं आणायचं म्हटलं तर तिथेही सोडत आहे आणि तिचा भरवसा नाही. तरी नातवंडं वाढताना आजी घरात असणं आणि तिने नऊवारी पातळ सुटकेसमध्ये न ठेवता कपाटात लावणं, एवढं तरी तिथे होतं.

आता जर्मनी. बहुतेक आई-वडील इथे शेंगेन विसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या भेटीच्या विसावर, येतात, म्हणजे १८० दिवसांत ९० दिवस. तीन महिने झाले की बॅगा भरायच्या. मार्च २०२४ पासून कायदा थोडा उघडला. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना राहायला आणण्याची मुभा मिळाली. मी त्या तारखेच्या आधी आलेली, त्यामुळे माझ्यासाठी ती नाही, आणि हे मला खुपतं. पण जे आता येताय, त्यांनी हा नियम नीट समजून घ्या. खरी अडचण विम्याची आहे. सरकारी विम्याच्या कुटुंब योजनेत नवरा-बायको आणि मुलं येतात, आई-वडील येत नाहीत. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या माणसाला खासगी विमा मिळवणं महाग आणि जिकिरीचं.

तरीही जर्मनीचं एक देणं मी विसरणार नाही. न्यू जर्सीत आई आली की कुणी गाडीने नेल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही. फुटपाथच नव्हता, जाणार कुठे? इथे दुसऱ्याच आठवड्यात ती एकटी बसने तुर्की दुकानात जाऊन कोथिंबीर आणि भेंडी घेऊन आली. बसची पायरी रस्त्याच्या पातळीला, थांब्यावर बाक, चालकाला घाई नाही. सांगलीत ती गुडघ्यांमुळे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही रिक्षा करते. म्हातारपणी कुणाला न विचारता घराबाहेर पडता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि त्या बाबतीत आपली शहरं आपल्याच माणसांशी फार वाईट वागतात.

दुबईबद्दल आपल्याकडे नाक मुरडतात. नागरिकत्व नाही, नोकरी गेली की विसा गेला, सगळं खरं. पण बाबांना मिरजेत दवाखान्यात हलवलं तेव्हा दुपारी फोन गेला आणि रात्री उशिरा दादा त्यांच्या उशाशी होता. मी पोहोचेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. तीन तासांचं विमान आणि दीड तासाचा वेळेतला फरक यांची किंमत कुठल्याही यादीत लिहिलेली नसते. दादा म्हणतो, मला तिथे म्हातारं व्हायचंच नाहीये, साठीला परत यायचंय. असा हिशेब ज्याचा पक्का आहे, त्याला मी अमेरिकेआधी आखात सुचवेन.

सिंगापूरचं मला कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणाने. १९९५ मध्ये त्यांनी आई-वडिलांच्या पोटगीचा कायदा केला. २०१५ पासून तर आई-वडिलांसोबत किंवा जवळपास जुना सरकारी फ्लॅट विकत घेणाऱ्या नागरिकांना अनुदान आहे. शासनाने हा प्रश्न घरबांधणीत आणला. कामाच्या पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, गेलेल्याला मात्र आई-वडिलांना सोबत ठेवायला महिना किमान बारा हजार डॉलर पगार लागतो, म्हणजे वरच्या पगारवाल्यांपुरतीच ती सोय.

कुणी म्हणेल, आई-बाबांना तिकडे यायचंच नसतं. खरंय, माझ्याही आईला तीन महिन्यांनंतर करमत नाही. शेजारच्या काकू, भिशी, दारावरचा भाजीवाला, ब्युरोकडून मदतीला येणारी मावशी, हे कुठलाच देश देऊ शकत नाही. भारतात ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्यांना, उत्पन्न न बघता, केंद्राच्या आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षणही आहे. मग तुमच्यासाठी प्रश्न बदलतो: ते येणार नसतील, तर मला किती वेळा आणि किती दिवस जाता येईल? इथे जर्मनी पुन्हा वर येते. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस भरपगारी रजा, आणि पुष्कळ ठिकाणी तीसच्या आसपास. सलग तीन आठवडे मागताना साहेबाचं तोंड बघावं लागत नाही. अमेरिकेत खासगी नोकरीत भरपगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्रीय कायदाच नाही.

म्हणून मला विचाराल तर: आई-वडील यायला तयार असतील तर कॅनडा, ते येणार नसतील तर जर्मनी, आणि परत जायचं ठरलेलं असेल तर आखात. अमेरिकेला जरूर जा, पण ती रांग डोळ्यांसमोर ठेवून. भावंडं भारतात जास्त असतील तर ऑस्ट्रेलियाचा फॉर्म भरण्याआधी घरात बसून बोला.

आणि जाण्याआधी पाच कामं उरका. आई-बाबांचे पासपोर्ट आत्ताच काढा. त्यांचा आरोग्य विमा चालू असेल तर खंड पडू देऊ नका, नवा घ्यायचा तर आजार जडण्याआधी घ्या. सत्तर झाले असतील तर आयुष्मानचं कार्ड काढून द्या. बँकेत आणि घराच्या कागदांवर नॉमिनी कोण, तुमच्या माघारी सही कोण करणार, हे लिहून ठेवा. ऑफर लेटर आलं की पगाराच्या आकड्याखाली रजेचं कलम असतं, ते वाचा. बिनपगारी रजा किती आणि कुणासाठी मिळते, हे सही करण्याआधी ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

कुणाला यातल्या एखाद्या देशाचा आई-वडिलांबाबतचा ताजा अनुभव असेल तर खाली लिहा, म्हणजे इथे येणाऱ्या मुलांना तो कळेल.